टोटल स्टेशनच्या बॅटऱ्या बदलताना: तीन महिन्यांच्या नोंदी

माझ्याकडे दोन टोटल स्टेशन आहेत, म्हणजे जमीन मोजताना कोन आणि अंतर दोन्ही घेणारी मशीन. टॉपकॉनचं जीटीएस-२३५एन, त्याला बीटी-५२क्यूए ही निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी लागते, ७.२ व्होल्ट, २७०० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). दुसरं सोकियाचं सेट ६३०आरके, त्याला बीडीसी-४६, म्हणजे लिथियमची. दोन्ही मशीन जुनी, पण कॅलिब्रेशन व्यवस्थित. काम कराड, पाटण, माण या भागात. रस्त्यांचे एल-सेक्शन (लांबीतले चढउतार), बिनशेतीचे ले-आउट, पाझर तलावांचे काँटूर (सारख्या उंचीच्या रेषा). बॅटऱ्या बदलायच्या ठरल्यावर मला मराठीत कुणी नीट लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय. चुका माझ्या आहेत, खर्चही माझाच.

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीनंतरचं पहिलं काम. पाटणच्या वरच्या अंगाला घाटरस्ता, ३.२ किलोमीटर, दर २० मीटरला क्रॉस सेक्शन, म्हणजे रस्त्याचा आडवा छेद. टॉपकॉन नेलं होतं. दोन बॅटऱ्या, दोन्ही रात्री चार्ज केलेल्या, चार्जरचा हिरवा दिवा मी स्वतः बघितलेला.

साडेआठला मशीन लावलं. ६४० च्या चेनेजवर, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून ६४० मीटरवर, अकरा चाळीसला, अंतर घ्यायचं बटण दाबलं आणि स्क्रीन काळी. पुन्हा चालू केलं तर बॅटरीच्या खुणा भरलेल्या दिसतात, कोन व्यवस्थित दाखवतं, अंतर घ्यायला गेलं की बंद. प्रिझम, म्हणजे अंतर घ्यायचा आरसा, धरणारा पोरगा वरच्या वळणावरून ओरडला, "दादा, काय झालं?" म्हटलं, बॅटरीनं मान टाकली. दुसरी लावली, बॅकसाइट (मागच्या माहीत असलेल्या बिंदूची दिशा) पुन्हा घेतलं, ती एक वाजून दहा मिनिटांपर्यंत चालली.

जीपवाला पूर्ण दिवसाचे पैसे घेतो. दोन मदतनीसांची हजेरी भरायचीच. दुपारनंतर आम्ही चौघं भाकरी खाऊन, पुलाच्या कठड्यावर बसून, कोयनेचं पाणी बघत होतो.

माझ्या काकांकडे जुना व्हर्निअर थिओडोलाइट, म्हणजे फक्त कोन मोजणारं बिनबॅटरीचं यंत्र, होता, अजून माळ्यावर आहे. त्याची कुठली बॅटरी कधी संपली नाही. आज त्यांना फोन केला असता तर हेच ऐकायला मिळालं असतं, म्हणून केला नाही.

१२ नोव्हेंबर

दोन्ही बॅटऱ्यांवर चिकटपट्टी लावून अ आणि ब लिहिलं. हे दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. कुठली बॅटरी कुठली हेच माहीत नसेल तर कुठली खराब हे कसं कळणार?

पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर लावला. अ ८.३ व्होल्ट, ब ८.३५. म्हणजे दोन्ही ठणठणीत! नुसते व्होल्ट बघून बॅटरी कळत नाही हा पहिला धडा इथेच मिळाला. ओझं टाकल्याशिवाय बैल किती ओढतो ते दिसत नाही.

ओझं म्हणून मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब आणला, १२ व्होल्ट १० वॉटचा, होल्डर आणि वायरसकट ६० रुपये. ७.२ व्होल्टवर तो साधारण ०.६ अँपिअर ओढतो. मशीन सलग इतकं ओढत नाही, पण अंतर घेताना झटक्यात जास्त ओढतं, तेव्हा परीक्षा म्हणून चालेल असं धरलं. सहा सेल आहेत, प्रत्येकी १ व्होल्टवर थांबायचं, म्हणजे एकूण ६ व्होल्टवर बल्ब काढायचा.

अ: बल्ब लावताक्षणी ७.३. पाच मिनिटांत ६.९. ४८ मिनिटांत ६ च्या खाली. हिशेब केला तर ५०० एमएएच सुद्धा नाही.

ब: १ तास ३५ मिनिटं. साधारण ९५० एमएएच.

लेबलवर २७००.

चूक क्रमांक एक: अ वर बल्ब चालू असताना एका प्लॉटवाल्याचा फोन आला. त्याचा गट नंबर, त्याच्या भावाचा गट नंबर, मधला बांध कुणाचा, हे सगळं ऐकून घेईपर्यंत बल्ब विझायला आला होता. मीटरवर २.८ व्होल्ट. एकामागे एक जोडलेल्या सेलमध्ये सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे पाच त्यातून प्रवाह ढकलत राहतात, त्यामुळे तो उलटा भरला जातो. अ तशीही मरणपंथाला लागलेली होती, मी तिला पुरून टाकली. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी मोबाइलवर गजर लावा आणि फोन उचलू नका.

१५ नोव्हेंबर

टॉपकॉनच्या बीसी-२७ चार्जरवर रिफ्रेशचं बटण असतं. दाबलं की आधी बॅटरी पूर्ण रिकामी करतो, मग भरतो. भरायला पावणेदोन-दोन तास, पण भरलेली बॅटरी रिकामी करायला आठेक तास लागतात, म्हणजे एक फेरी म्हणजे अख्खा दिवस. सगळे सांगतात की रिफ्रेश मारा, बॅटरी परत उठते. तीन दिवस मारलं.

ब ९५० वरून १३०० पर्यंत आली. अ जागची हलली नाही.

थोडी सुस्तावलेली बॅटरी रिफ्रेशनं जागी होते, म्हातारी झालेली होत नाही. एवढं कळायला तीन दिवस घालवले. तोवर घाटाचं काम सोकियावर ओढलं, पण त्याचंही रडगाणं सुरू झालंय. त्याचं पुढे.

१८ नोव्हेंबर

भाव काढले. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून नवी बीटी-५२क्यूए: जीएसटी धरून ९,३२२. मिळायला तीन ते चार आठवडे. दोन घ्यायच्या तर साडेअठरा हजारांच्या वर. ऑनलाइन डुप्लिकेट: २,३५०, लेबलवर चक्क "३८०० एमएएच". पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या डब्यात नवे सेल भरून: १,९००, सेल धरून.

३८०० बघून भुललो. एक मागवली.

२० नोव्हेंबर

मतदान. मदतनीस गावाला. काम नाही. मशीनच्या पेट्या पुसल्या.

२२ नोव्हेंबर

पार्सल आलं. दिसायला हुबेहूब, फक्त प्लॅस्टिक जरा जास्त चकचकीत.

बल्बचा खेळ पुरे म्हणून बी-६ जातीचा चार्जर घेतला, छोटी विमानं उडवणारी पोरं वापरतात तो, २,४०० रुपये. हा बॅटरी चार्जही करतो आणि रिकामी करताना किती एमएएच निघाले ते आकड्यात दाखवतो. डिस्चार्ज १ अँपिअरवर लावला, तर पठ्ठ्या ०.७ च्या वर जाईना. मी वायरी बदलल्या, क्लिपा बदलल्या, दीड तास घालवला. शेवटी कागद वाचला: रिकामं करायची ताकद ५ वॉट. ७.२ व्होल्टला ५ वॉट म्हणजे ०.७ अँपिअर, झालं. त्यानंतर सगळी मापं ०.५ अँपिअरवर, शेवट ६ व्होल्टवर. एका मापाला पाच तास जातात, म्हणून रात्री जेवण झाल्यावर लावतो. हा निदान ६ व्होल्टला स्वतः थांबतो, कुणाचा फोन आला तरी.

नवी डुप्लिकेट, तीन वेळा भरून रिकामी करून, सगळ्यात चांगला आकडा: १,६४०.

नंतर सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही ठेवल्या. जुनी मूळ बॅटरी ३०० ग्रॅमच्या आसपास, नवी तिच्यापेक्षा ५५ ग्रॅमनं हलकी. एकाच जातीच्या सेलमध्ये माल कमी भरला की वजन कमी भरतं. लेबल खोटं बोलतं, काट्याला तेवढं जमत नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, बॅटरी पण किलोवर मिळायला लागली का?"

आणखी एक. ती कप्प्यात बसते, पण खटका लागल्यावरही नखाएवढी हलते. ट्रायपॉडवर हात लागला की मशीन बंद पडतं. मधे जाड कागदाची घडी घालून बघितली, तर बॅटरी नीट बसते पण काढताना खटक्यावर जोर द्यावा लागतो आणि सेंटरिंग, म्हणजे मशीन बिंदूच्या बरोबर वर बसवलेलं असतं ते, हलतं. कागद काढून टाकला. बॅटरी परत पाठवली, पैसे आले, कुरिअरचे २१० गेले.

२७ नोव्हेंबर

आता स्वतःच सेल भरू, असं मनात आलं. ही या नोंदीतली सगळ्यात महाग हौस.

सेल मागवले, सहा, प्रत्येकी १९०. अ चा डबा उघडायला घेतला. स्क्रू नाहीत, दोन भाग चिकटवलेले. हॅकसॉच्या पात्यानं सांध्यावर हळूहळू कापत गेलो. तीन बाजू छान झाल्या, चौथ्या बाजूला घाई केली आणि कोपरा तडकला. बघितलंत तर ओळखाल, अजून त्यावर अराल्डाइटचा पिवळा डाग आहे.

आत सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी वेल्ड केलेले होते. माझ्याकडे वेल्डर कुठला? ६० वॉटची सोल्डरिंगची इस्त्री घेतली आणि बसलो. सेलच्या टोकाला झाळ नीट बसेना, म्हणून जास्त वेळ टेकवली. चौथ्या सेलच्या वरच्या टोकातून बारीक फुसकन आवाज आला आणि पांढुरकी ओल दिसली. आतलं सील गेलं. निकेलच्या सेलला उष्णता सोसत नाही, म्हणूनच ते स्पॉट वेल्डिंग करतात: क्षणभरात पट्टी चिकटते, सेल गरम होत नाही.

तरी हट्टानं त्याच्या जागी अ मधलाच त्यातल्या त्यात बरा सेल घालून जोडलं. चार्जरमध्ये ठेवलं तर लाल दिवा भरभर लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. सेलच्या मधे एक तांदळाच्या दाण्याएवढा थर्मिस्टर असतो, बॅटरी किती तापली ते चार्जरला सांगणारा. तो मी जुन्या सेलबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. रात्री साडेदहाला डबा उपसून काढला.

बायको म्हणाली, "एवढ्यात नवीन आली असती." आली नसती, पण वाद घातला नाही.

३ डिसेंबर

पहाटेच्या एसटीनं पुण्याला. बुधवार पेठ, तपकीर गल्ली. दोन्ही बाजूंना पंखे, वायरी, ट्रान्सफॉर्मर, आणि एका जिन्याखाली टेबल टाकून बसलेले बॅटरीवाले काका. ड्रिल मशीन, वॉकी-टॉकी, ट्रिमर, सगळ्यांचे पॅक त्यांच्याकडे येतात. माझे पाच उरलेले नवे सेल दाखवले. त्यांनी झाळेचे डाग बघितले, एक सेल कानाजवळ हलवला आणि माझ्याकडे परत सरकवले. "हे मी नाही घालणार. मग बॅटरी गेली की नाव माझं."

मग म्हणाले, "साहेब, लिथियम टाकू का? दोनच सेल लागतील, हलकी होईल, जास्त चालेल, पैसे तेवढेच."

यावर मी चहा संपेपर्यंत विचार केला, कारण कागदावर ते जमतं. निकेलचे सहा सेल भरले की साडेआठच्या आसपास व्होल्ट, लिथियमचे दोन भरले की ८.४. खालची हद्द दोन्हींची ६. मशीनला फरक कळणारही नाही. बॅटरीच्या खुणा चुकीच्या दाखवेल, कारण निकेल शेवटपर्यंत सपाट चालतं आणि एकदम पडतं, लिथियम उतारावरून हळूहळू उतरतं. तेही चालवून घेता येतं.

अडतं ते चार्जरवर. माझा बीसी-२७ निकेलसाठी आहे. निकेलची बॅटरी भरली की तिचे व्होल्ट किंचित खाली येतात आणि ती तापते, त्या खुणेवर असा चार्जर थांबतो. लिथियम ती खूण कधीच देत नाही. चार्जर वाट बघत बसणार आणि करंट ढकलत राहणार. मधे संरक्षणाची छोटी प्लेट असते म्हणून वाचेल, पण माझ्या घराची भिस्त मी तेवढ्या एका प्लेटवर ठेवणार नाही. मी एकटा असतो तर वेगळा चार्जर ठेवला असता. आमच्याकडे बॅटरी चार्जिंगला लावायचं काम रात्री जो जागा असेल तो करतो. तो दिसेल त्या खाचेत बसवणार.

काकांना नाही म्हटलं. निकेलच भरा, पण घरी ठेवल्यावर लवकर न उतरणारे सेल द्या. या जातीचे सेल २००५ च्या सुमारास बाजारात आले. साधा निकेल मेटल हायड्राइड पडून राहिला तरी महिन्याभरात बराच उतरतो, हे वर्षभर टिकतात. आकडा थोडा कमी असतो, वेष्टनावर २५०० होतं. पण पावसाळ्यात चार महिने पेटी बंद ठेवणाऱ्याला हेच हवेत.

काकांनी आठ सेल काढले, प्रत्येकाला एक छोटा बल्ब लावून मीटरवर बघितलं आणि त्यातले एकमेकांच्या जवळचे सहा निवडले. दुसऱ्या बॅटरीसाठी पुन्हा तेच. ही जोडी लावण्याची पद्धत बघूनच १,९०० वसूल झाले असं वाटलं. थर्मिस्टर मधल्या दोन सेलच्या बेचक्यात, पट्टीनं घट्ट बांधून. वेल्डरचा आवाज टिक, टिक, टिक. पस्तीस मिनिटांत दोन्ही तयार.

७ डिसेंबर

अ आणि ब ची मापं. पहिल्या फेरीत दोन्ही २,०५० च्या आसपास, आणि मी काकांना मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. तिसऱ्या फेरीत अ २,४३०, ब २,३८०. नवा निकेल सेल पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मोकळा होत जातो, हे वाचलेलं होतं, धीर नव्हता. काकांची माफी मागतो.

१० डिसेंबर

दहिवडीजवळ पाझर तलावाचं काँटूर. पहाटे थंडीनं बोटं आखडलेली, पायाचे स्क्रू फिरवताना वेदना. ब लावली. सव्वाआठ ते तीनपर्यंत, मधे जेवणाची सुट्टी धरून, ४८० पॉइंट झाले आणि बॅटरीची खूण एकनं उतरली होती. मशीनच्या पुस्तकात अंतरं घेत साधारण दहा तास लिहिलंय. इतकी मिळेल असं वाटत नाही, पण एका बॅटरीत एक दिवस जातो. दुसरी पिशवीत राहिली.

प्रिझमवाल्या पोरानं विचारलं, "दादा, आज पुलावर बसायचं नाही का?"

१८ डिसेंबर

आता सोकिया. बीडीसी-४६ च्या दोन बॅटऱ्या. एक वीस मिनिटांत "पूर्ण चार्ज" दाखवते. लिथियममध्ये हीच वाईट खूण: भांडंच लहान झालंय म्हणून लवकर भरतं. दुसरीचं पोट सपाट राहिलेलं नाही, टेबलावर ठेवली की डुलते. तिला मी हात लावला तो फक्त बाहेर नेण्यासाठी. फुगलेली लिथियम उघडायची नाही, चार्ज करायची नाही, दाबून कप्प्यात तर अजिबात बसवायची नाही. वाळू भरलेल्या जुन्या रंगाच्या डब्यात ठेवून, अंगणात, भिंतीपासून लांब.

इथेही आधी डुप्लिकेटच घेतली, १,४५०. आमची अक्कल अशी टप्प्याटप्प्यानं येते. साडेचार तासांनंतरही चार्जर भरल्याची खूण देईना, बॅटरी हाताला चांगली गरम. काढून टाकली. उघडून बघितलं तर आत १८६५० मापाचे दोन सेल, वेष्टनावर "६८०० एमएएच" छापलेलं. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब सेलमध्ये आजघडीला चांगली कंपनी ३५०० च्या आसपास भरते. ६८०० लिहिणारा एक तर देव आहे नाही तर लबाड. हिला परत घेणारं कुणी भेटलं नाही, पैसे बुडाले.

टॉपकॉनला जे केलं ते इथे केलं नाही, म्हणजे सेल बदलून घेतले नाहीत. कारण लिथियमच्या पॅकमध्ये सेलबरोबर संरक्षण प्लेटही असते, ती जुनी वापरायची की नवी घालायची, नवी घातली तर सोकियाचा चार्जर तिला ओळखेल का, हे सगळं आलं. निकेल चुकलं तर बॅटरी मरते. लिथियम चुकलं तर आग लागते. एकच मूळ बॅटरी मागवली, ६,५०० अधिक जीएसटी, ७,६७०. लेबलवर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्याखाली आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते आधी फोटो मागवून बघितलं. डुप्लिकेटवर तो नव्हताच, हे मी घेताना बघितलं नाही, आता बघितलं.

२८ डिसेंबर

मूळ बॅटरी आली. पॅक फोडल्यावर जेमतेम पाव भरलेली. घाबरू नका, लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या विमानानं पाठवायच्या तर ३० टक्क्यांच्या वर भरून पाठवता येत नाहीत. पूर्ण चार्ज करून मशीनला लावली, दोन दिवस काम झालं. या मशीनची गोष्ट इथे संपली.

५ जानेवारी २०२५, रविवार

संपली म्हणतो तोच टॉपकॉननं पुन्हा दगा दिला.

कराडच्या बाहेर ले-आउटची आखणी. मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेला, जेसीबी उभा. दहा वाजता अ लावलेली, साडेदहाला मशीन बंद. बॅटरी संपल्याची खूण. ब लावली, तीच गत. रात्री मी स्वतः बी-६ वर भरलेल्या बॅटऱ्या! मालकानं घड्याळ बघितलं. मला घाम.

पिशवीत तो ६० रुपयांचा बल्ब होता, काढायचा राहिलेला. जीपच्या बॉनेटवर अ ठेवून बल्ब लावला. उन्हातसुद्धा झक्क पेटला. पाच मिनिटं मीटर धरला, ७.६ वरून हलेना. म्हणजे बॅटरी भरलेली आणि मशीन म्हणतंय रिकामी.

मग कप्प्यात डोकावून बघितलं. मोबाइलचा टॉर्च आत मारला तर पितळी पट्टीच्या टोकावर हिरवट बुरशीसारखा थर, मोहरीएवढा. गेल्या पावसाळ्यात कोयनेकडचं काम झाल्यावर मशीन ओलसर पेटीत, बॅटरी आत तशीच ठेवून, दोन महिने पडून होतं. ते माझंच कर्तृत्व. एवढ्याशा थरातून कोनापुरता करंट जातो, अंतर घ्यायला झटका लागला की व्होल्ट तिथेच अडकतात आणि मशीनला वाटतं बॅटरी गेली.

पॉलिश पेपर मागायला निघालेला पोरगा मी थांबवला, त्यानं वरचा मुलामा जातो आणि महिन्यात पुन्हा हिरवं होतं. मालकाच्या मुलीच्या कंपासपेटीतून खोडरबर आणलं, त्याचा कोपरा कापून चिमट्यात धरून पट्टी घासली. रबर हिरवं होत गेलं, पट्टी पिवळी. संध्याकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, १८० रुपयांची बाटली, कापसाच्या काडीनं पुसून काढलं. साडेअकराला मशीन चालू झालं ते संध्याकाळपर्यंत.

आता प्रश्न असा की ११ नोव्हेंबरला घाटात बॅटरी किती दोषी आणि पट्टी किती? बल्बवर अ आणि ब दोन्ही लंगड्या होत्या, ते माप मशीनबाहेर घेतलेलं, तेव्हा बॅटऱ्या बदलायच्याच होत्या. पण ब मध्ये रिफ्रेशनंतर १३०० होते. पट्टी तेव्हाच पुसली असती तर ब वर कदाचित हा हंगाम निघाला असता. ब चे जुने सेल तपकीर गल्लीतल्या काकांकडे राहिले, आता ते कळायला मार्ग नाही. तुम्ही मात्र पहिल्या दिवशी, एक रुपया खर्च करायच्या आधी, कप्प्यात टॉर्च मारा.

१६ जानेवारी

संक्रांत झाली. कार्यालयाच्या भिंतीवर चार्जरशेजारी एक वही टांगली. बॅटरीचं अक्षर, कुठल्या तारखेला भरली, किती पॉइंट झाले, कुणी भरली. पोरं दोन दिवस लिहितात, तिसऱ्या दिवशी विसरतात. पेन दोरीला बांधल्यावर जरा बरं.

फिल्डवरून आलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, हात लावून गार लागली की लावायची. पुस्तकात चार्जिंगला १० ते ४० अंश लिहिलंय, आणि एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४० म्हणजे सकाळ. जीपच्या डॅशबोर्डवर बॅटरी ठेवणाऱ्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा, असा दंड लावलाय. आतापर्यंत तीन चहा झाले, त्यातला एक माझा.

२ फेब्रुवारी

हिशेब. बल्ब आणि होल्डर ६०. बी-६ चार्जर २,४००. परत पाठवलेल्या बॅटरीचं कुरिअर २१०. माझ्या हौसेचे सेल १,१४०. तपकीर गल्लीत दोन बॅटऱ्या ३,८००. पुण्याचं जाणं-येणं आणि जेवण ७००. सोकियाची डुप्लिकेट १,४५०. सोकियाची मूळ ७,६७०. अल्कोहोल १८०. एकूण १७,६१०. त्यातले २,८०० सरळ पाण्यात, आणि घाटातला वाया गेलेला अर्धा दिवस यात धरलेला नाही.

रंगाच्या डब्यातली फुगलेली बॅटरी, डुप्लिकेटचे सेल आणि माझे झाळलेले पाच सेल, सगळं साताऱ्याला ई-कचरा घेणाऱ्याकडे देऊन आलो. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. टाकता आल्या असत्या तरी डोलणारी ती बॅटरी मी घंटागाडीत टाकली नसती.

परवा अ ला पुन्हा बी-६ वर लावलं: २,४१०. ब: २,३९०. ब आता अ च्या जवळ आली. पुढचं माप मे महिन्यात, पेट्या बंद करायच्या आधी. त्या वेळी बॅटऱ्या मशीनमधून काढून ठेवायच्या, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलंय, आणि खाली पोरानं लिहिलंय, "दादांना आठवण करणे."